पंचवटीतलं ब्रह्मकमळ मूळचं कुठलं?

आजच्या भागाचा विषय बहुतेक तुमच्या मोबाइलमध्ये आधीच आहे. जून ते सप्टेंबर या दिवसांतले फोटो जरा मागे सरकवून बघा. रात्री साडेअकराला काढलेला एक तरी फोटो सापडेल. बशीएवढं पांढरंशुभ्र फूल, शेजारी निरांजन, फुलाला वाहिलेलं हळद-कुंकू, मागे झोप सोडून आलेल्या शेजारच्या काकू. आणि खाली एक ओळ, ‘आमच्याकडे आज ब्रह्मकमळ फुललं!’

नाशिकमध्ये हे दर पावसाळ्यात घडतं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या चौकात, नव्या अपार्टमेंटच्या गॅलऱ्यांत, जिन्याखालच्या कुंडीत. एरवी वर्षभर हे झाड तिकडे दुर्लक्षित पडलेलं असतं. दिसायला काही खास नाही, लांबट चपटी पानं इकडेतिकडे लोंबतायत. आणि मग एक रात्र अशी येते की सगळी बिल्डिंग त्याच्या दारात उभी.

आज आपण या झाडाचा इतिहास बघणार आहोत. हे नक्की कोण, कुठून आलं, आणि पंचवटीच्या सावलीत इतकं सुखाने का नांदतं. शेवटी ते कसं सांभाळायचं तेही सांगणार आहे, कारण या झाडाच्या बाबतीत इतिहास कळला की निगा आपोआप कळते.

एक नाव, दोन झाडं

पहिली गोष्ट पहिल्यांदा सांगून टाकतो. आपल्या कुंडीतलं झाड ब्रह्मकमळ नाही. निदान हिमालयातले लोक ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, ते तर नाहीच.

तिकडचं ब्रह्मकमळ म्हणजे उत्तराखंडचं राज्यफूल. साधारण ३,७०० ते ४,६०० मीटर उंचीवर, दगडधोंड्यांच्या उतारावर ते वाढतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे एकावर एक दोन कळसूबाई ठेवली तरी तिथे पोहोचत नाही! त्याचं कूळ सूर्यफुलाचं. बाहेरून फिकट पिवळसर-हिरव्या, कागदासारख्या पातळ पाकळ्या दिसतात, पण त्या खऱ्या पाकळ्या नव्हेत. थंडी-पावसापासून आतल्या जांभळ्या फुलांना जपणारं ते आवरण आहे. केदारनाथ-बद्रीनाथला देवाला वाहतात ते हे फूल. नाशिकच्या उन्हाळ्यात ते एक आठवडाही टिकणार नाही.

आणि आपल्या कुंडीतलं? ते चक्क निवडुंग आहे. हो, कॅक्टस. मूळ गाव मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि ग्वाटेमाला. शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटलम. दोघांमध्ये नातं शोधायला गेलात तर आंबा आणि कांदा यांच्यातही सापडेल तेवढंच.

आता यातली गंमत ऐका. या दोन्ही झाडांना शास्त्राच्या वहीत पहिल्यांदा नाव दिलं ते एकाच माणसाने! ओग्युस्तँ पिराम द कांदोल. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचा वनस्पतिशास्त्रज्ञ, जन्म १७७८, मृत्यू १८४१. जगातल्या सगळ्या ज्ञात बीजधारी वनस्पतींची एक यादी करायची, असा त्याचा अवाढव्य बेत होता. त्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात, १८२८ साली, त्याने आपल्या कुंडीतल्या निवडुंगाची नोंद केली. नाव दिलं सेरियस ऑक्सिपेटलस. ऑक्सिपेटलस म्हणजे टोकदार पाकळ्यांचा. लगेच पुढच्या वर्षी, १८२९ मध्ये, एड्रियन हॅवर्थ नावाच्या इंग्रज अभ्यासकाने त्याला एपिफायलम या गटात टाकलं, आणि तेच नाव आजवर चालू आहे. द कांदोलच्याच ग्रंथाच्या सहाव्या खंडात, १८३८ साली, हिमालयातलं ब्रह्मकमळ आलं, तेव्हा ॲप्लोटॅक्सिस ऑब्व्हलाटा या नावाने. म्हणजे बघा, जो माणूस ना कधी मेक्सिकोला गेला ना कधी हिमालयात, त्याने जिनिव्हात बसून दोघांची नोंद केली. त्याच्या ग्रंथात ते दोघे तीन खंड लांब होते. आपण त्यांना एका नावात बसवलं.

पान नसलेलं पान

एपिफायलम म्हणजे ‘पानावरचं’. कळी पानाच्या कडेच्या खाचेतून थेट फुटते, म्हणून हे नाव. पण आपण ज्याला पान म्हणतो ते पान नाहीच, तो चपटा झालेला खोडाचा भाग आहे. निवडुंगाचं खोडच पानाचं काम करतं. म्हणून तर त्याच्यातून फूल येतं आणि तोच तुकडा मातीत खोचला की मुळंही येतात.

मग काटे कुठे गेले? तर हा वाळवंटातला निवडुंग नाही. हा जंगलातला निवडुंग आहे. मेक्सिको-ग्वाटेमालाच्या दमट जंगलात तो जमिनीवर कमी आणि झाडावर जास्त राहतो. मोठ्या झाडाच्या बेचक्यात थोडा पालापाचोळा साचतो, त्यात मुळं रोवायची, वरून गाळून येईल तेवढं ऊन घ्यायचं, पावसाचं पाणी क्षणभर मुळांना लागून खाली निथळून जाणार. झाडाचं रक्त तो शोषत नाही, म्हणजे बांडगूळ नाही. फक्त टेकायला खांदा घेतो.

रात्रीच का फुलतो, तेही यातच आहे. पांढरा रंग अंधारात दिसतो, वास लांबवर जातो, आणि फुलाची नळी चांगली वीतभर लांब. लांब सोंडेच्या रात्रीच्या पतंगांसाठी मांडलेलं हे ताट आहे. आठ-नऊच्या सुमाराला कळी हलायला लागते, मध्यरात्री पूर्ण फूल, आणि पहाटे माना टाकलेल्या. मेक्सिकोतल्या पाहुण्यांसाठी केलेली तयारी, आणि दारात उभ्या कोण, तर निरांजन घेतलेल्या काकू!

पंचवटी म्हणजे सावली

आता पंचवटीकडे येऊ. नावातच झाडं आहेत. नाशिकमध्ये सीतागुंफेजवळ पाच वड दाखवतात आणि त्यावरून पंचवटी, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण ‘पंचवटी’ या शब्दाचा आणखी एक जुना अर्थ आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात हेमाद्रि पंडित होते, आपण ज्यांना हेमाडपंत म्हणतो ते. त्यांच्या व्रतखंडात स्कंदपुराणाच्या आधाराने पंचवटी कशी लावायची ते दिलंय. पिंपळ, बेल, वड, आवळा आणि अशोक, अशी पाच झाडं, प्रत्येकाची दिशा ठरलेली. म्हणजे पंचवटी हे जसं एका गावाचं नाव, तसंच लावता येणारी एक बागही.

पाच वड घ्या नाहीतर पाच वेगवेगळी झाडं घ्या, दोन्हीकडे समान काय? सावली. वनवासात कुटी बांधायची तर सावली आणि पाणी बघून बांधणार. इथे गोदावरी होतीच.

वडाची एक सवय माहीत आहे ना? पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं ते दुसऱ्या झाडाच्या खांद्यावर किंवा जुन्या भिंतीच्या फटीत, आणि वड तिथूनच आयुष्य सुरू करतो. पुढे तो मुळं जमिनीपर्यंत सोडून स्वतःच राजा होतो. मेक्सिकोचा निवडुंग मात्र जन्मभर खांद्यावरच राहतो. सुरुवात दोघांचीही सारखीच.

मुघलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे. गुलशन म्हणजे फुलबाग. तेव्हाच्या बागांचं जाऊ द्या, पण जुन्या वाड्यांनी एक गोष्ट फार चांगली केली होती. मधला चौक. चारी बाजूंनी दोन मजली भिंती, वर मोकळं आभाळ. सकाळचं कोवळं ऊन घटकाभर आत येणार, दुपारचं कडक ऊन भिंतीवरच अडणार, खाली फरशीचा गारवा. आता ही जागा आणि मेक्सिकोच्या जंगलातली झाडाची बेचकी, यात फरक किती राहिला? वाडा बांधणाऱ्यांनी निवडुंगाचा विचार केला नव्हता, पण त्याला हवं तसं घर त्यांनी आयतं बांधून ठेवलं.

हे आलं कसं?

निवडुंगाचं जवळजवळ सगळं कूळ अमेरिका खंडातलं. म्हणजे कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचायच्या आधी हे झाड भारतात असणं शक्य नाही. आपल्या कुठल्याच पुराणात ते सापडणार नाही. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि पुढच्या शतकांत अमेरिकेतल्या वनस्पतींची रांगच लागली. मिरची, काजू, पेरू, पपई, अननस. पुढे युरोपियनांच्या बागांमधून शोभेची झाडं जगभर फिरली.

पण आपल्याकडे घरोघरी पोहोचवलं ते कुणी? कुठल्याही सरकारने नाही, आणि नर्सऱ्यांनीही फारसं नाही. हे झाड ‘एक पान दे ना गं’ या वाक्यावर पसरलं. मावशीकडून आईकडे, माहेरहून सासरी, बदली झालेल्या शेजाऱ्यांनी जाताना दिलेलं. आणि विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर पानापासून केलेलं रोप हे नवं झाड नसतं, तेच झाड पुढे चालू असतं. तुमच्या मावशीचं झाड आणि तुमचं झाड एकच आहे, फक्त दोन कुंड्यांत. एकाच ओळीतल्या झाडांना बहुधा एकाच रात्री कळ्या उमलतात, त्याचं आश्चर्य वाटायला नको. हवापाणी सारखं आणि रक्तही एकच.

परक्याला घरचं नाव

आता काही जण म्हणतील, म्हणजे आम्ही इतकी वर्षं चुकीच्या फुलाची पूजा केली? थांबा जरा.

दसऱ्याचं तोरण आठवा. झेंडू मेक्सिकोचा. हारातला निशिगंध मेक्सिकोचा. देवळापुढचा पांढरा चाफा, तोही मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. पूजेची परडी उलटी केली तर अर्धा मेक्सिको बाहेर पडेल! आणि सगळ्यात भारी उदाहरण तर पंचवटीतच शोभेल. सीताफळ. नाव सीतेचं, आणि जोडीला रामफळ. दोन्ही अमेरिकेतून आलेली. नाव इतकं इथलं की एकोणिसाव्या शतकात विद्वानांमध्ये वादच लागला. जनरल कनिंगहॅमसारखे पुरातत्त्वज्ञ जुन्या शिल्पांत सीताफळ शोधत होते. त्या वादात पुरावे तोलून अमेरिकेच्या बाजूने कौल कुणी दिला, सांगा? १८८० च्या दशकात, पिकांच्या उगमावरच्या आपल्या ग्रंथात, आल्फोन्स द कांदोल याने. आपल्या दोन्ही ब्रह्मकमळांची नोंद करणाऱ्या द कांदोलचा हा मुलगा!

परक्याला आपलंसं करायचं तर आपण त्याला आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं नाव देतो. आणि हे फक्त आपणच केलेलं नाही. केरळात याच फुलाला निशागंधी म्हणतात, तिरुवनंतपुरमच्या प्रसिद्ध नृत्यमहोत्सवाचं नावही तेच. जपानमध्ये गेक्का बिजिन, म्हणजे चांदण्यातली सुंदरी. श्रीलंकेत हेच फूल कडुपुल म्हणून बुद्धाशी जोडलं गेलंय. आणि चीनमध्ये? तिथली गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते.

चीनमध्ये याला तानहुआ म्हणतात. हा शब्द आलाय संस्कृत ‘उदुंबर’वरून. उदुंबर म्हणजे आपला उंबर, औदुंबर, दत्ताचं झाड! उंबराची फुलं फळाच्या आत दडलेली असतात, बाहेर दिसतच नाहीत. म्हणून बौद्ध ग्रंथांत उदुंबराचं फूल हे अतिदुर्मीळ गोष्टीचं प्रतीक झालं. इसवी सन ४०६ मध्ये कुमारजीवाने सद्धर्मपुंडरीक सूत्राचं चिनी भाषांतर केलं, त्यातून ही उपमा चीनमध्ये रुजली. पुढे हे मेक्सिकोचं, रात्रीतून येऊन जाणारं फूल तिकडे पोहोचलं, तेव्हा ते जपून ठेवलेलं नाव त्याला मिळालं. आजही क्षणभर चमकून गेलेल्या माणसाला चिनी भाषेत ‘तानहुआसारखा दिसला’ म्हणतात. आणि आपण? बऱ्याच दिवसांनी मित्र भेटला की आपली आजी म्हणते, ‘अगदी उंबराचं फूल झालास रे!’

तर नाव देण्यात पाप नाही. ते प्रेमच आहे. पण नाव दिल्यावर ओळख विसरणं, तिथे गडबड होते. एक म्हणजे झाडाची निगा चुकते. आणि दुसरं नुकसान जरा दूर, हिमालयात होतं. त्याकडे शेवटी येतो.

मग सांभाळायचं कसं?

कमळ म्हटलं की लोक पाणी ओततात. निवडुंग म्हटलं की उन्हात ठेवतात. दोन्ही चूक. हा जंगलातल्या झाडावरचा पाहुणा आहे, एवढं एकच लक्षात ठेवा. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

जागा: सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि नंतर उजेडाची सावली. पूर्वेची गॅलरी सगळ्यात उत्तम. पश्चिमेची असेल तर हिरवी जाळी लावा किंवा मोठ्या झाडाच्या आडोशाला ठेवा. एप्रिल-मेचं दुपारचं ऊन लागलं की पानं पिवळी-तांबूस होऊन करपतात. उलट अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात झाड जगतं, पण फुलत नाही. ‘पाच वर्षं झाली, एक कळी नाही’ असं म्हणणाऱ्यांनी आधी कुंडीची जागा बघावी.

माती: नुसती काळी माती नको, ती पाणी धरून बसते. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि जाडी वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे साधारण सारख्या प्रमाणात. नारळाची शेंडी थोडी चुरून घातली तर मुळांना झाडाच्या बेचक्यात असल्यासारखं वाटेल. कुंडीच्या तळाची भोकं मोकळी हवीत. पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून टाका.

पाणी: वरची बोटभर माती सुकली की द्या, नाहीतर नको. हिवाळ्यात आणखी कमी. नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा कुंडी भिंतीलगत घ्या.

नवं रोप: जुनं, जाडसर, वीतभर पान कापा आणि लगेच लावू नका. तीन-चार दिवस सावलीत ठेवून कापलेली कड सुकू द्या, मगच दोन बोटं मातीत खोचा. ओला काप मातीत गेला की कुजतो. आणि सरळ बाजू खाली, उलटं लावू नका. फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. धीर धरा.

खत: फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा आणि जूनच्या आधी एकदा, मूठभर. जास्त जोर दिला की नुसती पानंच सुटतात. दर वर्षी मोठ्या कुंडीत हलवायची घाई नको, मुळं जरा आवळलेली असली की हे झाड चांगलं फुलतं. पानांच्या खाचेत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून काढा, जास्त असेल तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यातून फवारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कळी धरली की कुंडी फिरवू नका, खोली बदलू नका, कळ्या गळतात. तीन-चार आठवडे कळी वाढते, खाली लोंबते, मग एके दिवशी हुकासारखी मान वर उचलते. कळी टपोरी फुगली की समजा, आज रात्री. त्या रात्री अलार्म लावा आणि शेजाऱ्यांना बोलवा.

आता ते दूरचं नुकसान

आपल्याकडे ‘ब्रह्मकमळ’ प्रत्येक गल्लीत फुलतं, म्हणून हिमालयातलंही असंच मुबलक असणार, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तिकडच्या झाडाला वर्षाकाठी बर्फ वितळल्यानंतरचे जेमतेम काही महिने मिळतात. त्याच दिवसांत यात्रा असते आणि फुलं तोडली जातात, पूजेसाठी, औषधासाठी, विक्रीसाठी. फूल तोडलं की बी गेलं. आपला निवडुंग पानाच्या तुकड्यातून पुन्हा उभा राहतो, त्या बिचाऱ्याला बी हवंच. चारधामला गेलात आणि कुणी ‘असली ब्रह्मकमल’ विकायला आलं, तर विकत घेऊ नका. घरी तुमची वाट बघत दुसरं आहे.

दुसरी गोष्ट आपल्या दारातली. २०२५ च्या अखेरीस, येत्या सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिककर विरोधाला उभे राहिले. तपोवन पंचवटीचाच भाग. त्या वादात कुणाची बाजू काय होती ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. माझा मुद्दा साधा आहे. वाडे पडून टॉवर होतायत, चौक जातायत, मोठी झाडं कमी होतायत. उन्हात जगणारी झाडं पुष्कळ आहेत, त्यांना गच्ची पुरते. पण सावलीत जगणाऱ्या झाडाला आधी कुणीतरी सावली धरावी लागते. ज्या गावाचं नावच पाच झाडांवरून पडलं, तिथे सावलीची कुंडी ठेवायला जागा शोधावी लागली, तर ते फक्त कुंडीचं दुःख नसेल.

तर मंडळी, या पावसाळ्यात तुमच्याकडे फूल आलं की फोटो टाकाच. नावही ब्रह्मकमळच लिहा, हरकत नाही. फक्त खाली एक ओळ जास्त लिहा: मूळ गाव मेक्सिको, सध्या मुक्काम पंचवटी. आणि दुसऱ्या दिवशी कुणी ‘एक पान देशील का’ म्हणालं, तर नाही म्हणू नका. तुमच्यापर्यंत ते तसंच आलंय.

तुमच्या घरी हे झाड कुणाकडून आलं, ते आम्हाला नक्की कळवा. मावशी, आत्या, जुनी घरमालकीण, जे कुणी असेल ते. आजच्यापुरतं इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू. ऐकत राहा!